विश्लेषण : ‘पर्मनंट झालास काय?’ – पुरुषपणाच्या परीक्षेत अडकलेली पोरे

कागल आणि हातकणंगले तालुक्यांच्या शिवारात पसरलेल्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळी बदलली की रस्त्यावर दुचाकींची रांग लागते. आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतीच कामाला लागलेली विशीतली पोरे तीत बरीच असतात. कोणी अप्रेंटिस, कोणी ट्रेनी, कोणी ठेकेदाराकडचा हेल्पर. गावात मात्र साऱ्यांना एकच प्रश्न विचारला जातो : ‘पर्मनंट झालास काय?’ वरवर हा नोकरीचा प्रश्न आहे. खरे तर त्यातून पोराचे पुरुषपण मोजले जाते.

नोकरी आणि पुरुषपण यांचा संबंध काय?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण डोक्याला बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. राज्यभर त्याचे व्हिडिओ फिरले, विनोदही झाले. त्या तरुणांची मागणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कडक अंमलबजावणीची होती, ही गोष्ट विनोदात हरवली. मुलगाच हवा म्हणून मुली कमी केल्या आणि आता त्याच हव्याहव्याशा मुलाला मुलगी मिळेना.

मुलीच्या बापाने नोकरी विचारली तर त्याला दोष कसा द्यावा? मुलीने लग्नानंतर कमावलेच पाहिजे असे आपण मानत नाही, मग तिच्या आयुष्याची हमी जावयाच्या पगारात शोधली जाते. एमआयडीसीत बायकाही राबतात. पण तिचा पगार तो ‘हातभार’ आणि त्याचा पगार म्हणजे ‘घर चालवणे’. या एका शब्दभेदाने बाईचे श्रम लहान होतात आणि पुरुषाच्या मानेवर एकट्याचे जू येते. ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटले तर त्या पोराची नोकरी जाते, आणि सोबत घरातली जागाही जाते.

हे शिकवले कधी जाते?

फार लवकर. गुडघा फुटून घरी आलेल्या सहा वर्षांच्या पोराला ‘बाप्या माणूस रडतो व्हय?’ असे ऐकवले जाते. ताट बहिणीने उचलायचे, हेही त्याच वयात कळते. भीती, लाज, हरल्याचे दुःख यांना घरात जागा नसते. राग तेवढा चालतो. मग बाकीच्या साऱ्या भावना रागाच्या वेशात बाहेर पडतात. त्याचा मार आधी शाळेतल्या मऊ स्वभावाच्या पोराला बसतो, पुढे घरातल्या बाईला. जादा पाळी करून आलेला बाप पोराशी बोलतो तोही बहुधा आईमार्फत.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात १,२२,७२४ पुरुष होते. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, २२,७४६. एकूण आत्महत्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवर काम करणारे. यातली प्रत्येक आत्महत्या पुरुषपणाच्या ओझ्यानेच झाली असे म्हणता येणार नाही. कर्ज, आजार, घरची भांडणे अशी कारणे असतात. पण मदत मागणे म्हणजे कमीपणा हे लहानपणी ज्याच्या अंगात मुरले, तो ही कारणे कोणाला सांगणार?

फौंड्रीत लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास ओतला जातो. तिथे गॉगल, हातमोजे न विसरणाऱ्याला ‘घाबरतोस काय?’ म्हणून चिडवणारा सोबती भेटतोच. हेल्मेटचे तेच. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वार व सहप्रवासी अपघातांत मेले.

मग तालमीचे काय?

कोल्हापूर म्हटले की रांगडेपणा, असे आपणच सांगत सुटतो. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव हा अभिमान खराच आहे. पण तालमीत राहणारा पैलवान आपला खुराक आपणच शिजवतो, थंडाई घोटतो, सोबत्याचे अंग रगडून देतो. चितपट झाल्यावर जिंकणाऱ्याच्या हातात हात देतो. चुलीपुढे बसण्याने तिथे कोणाची मर्दानगी गेलेली नाही. आपण मिशीला पीळ देण्याचे तेवढे उचलले, बाकीचे तालमीतच ठेवले.

साने गुरुजींना ‘रडके’ म्हणून हिणवणारे कमी नव्हते. त्याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले आणि दार उघडायला लावले.

बदल शक्य आहे का?

मुंबईत महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुला-मुलींसोबत ‘जेम्स’ हा उपक्रम २००८ पासून राबवला गेला. घरकाम कोणी करायचे, मारामारी कशाला, यावर वर्गात उघड बोलणे हा त्याचा गाभा. पुरुषांनीच १९९३ मध्ये सुरू केलेली ‘मावा’ ही संस्था तरुणांशी याच विषयांवर बोलत आली आहे. असे बोलणे आयटीआयच्या वर्गात का असू नये? वेल्डिंग शिकवतो त्याच बाकावर, आठवड्यातून एक तास. कारखान्यात तर पहिल्या दिवशीच सुरक्षेचे प्रशिक्षण असते; नव्या पोराला शिव्या घालून ‘तयार’ करणाऱ्या सुपरवायझरलाही त्यात बसवता येईल. त्याला जादा खर्च नाही, व्यवस्थापनाने मनावर घेण्याचा प्रश्न आहे.

गेटजवळच्या फलकावर अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचे क्रमांक असतात. त्याखाली आणखी एक लिहिता येईल : टेलिमानस, १४४१६. ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन मोफत आहे, रात्रपाळी सुटल्यावरही लागतो आणि पलीकडचे माणूस मराठीत बोलते.