द्राक्षमळ्याचा धडा आणि कोकणची फळे

नाशिकजवळील सुला द्राक्षमळ्यावर २००५ साली मद्याची चव घेण्याची सोय झाली. पाहुणा मळा पाहतो, रस आंबविण्याची रीत समजून घेतो, घोटभर चाखतो आणि बाटली विकत घेतो. ग्राहकच बांधावर येतो. हे पाहून पेण-रोह्याच्या शेतकऱ्यास द्राक्षलागवडीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु तो आवरावा. येथील अतिवृष्टी व दमट हवा यांमुळे वेलीला केवड्यासारखे रोग ग्रासतात, आणि कर्ज मात्र शिल्लक उरते.

घेण्याजोगी आहे ती रीत, वेल नव्हे. करवंदे व जांभळे येथील डोंगरात आपसूक येतात आणि पहिल्या पावसात कितीतरी गळून कुजतात. बचत गटांनी त्यांच्या सरबतापासून आरंभ करावा. गणेशमूर्तींसाठी गिऱ्हाईक पेणला आपणहून येतेच. त्याच्या हाती प्रथम चवीचा पेला द्यावा.

मात्र सरबताच्या विक्रीस अन्न सुरक्षा नोंदणी हवी. फळांचे मद्य परवान्यावाचून करणे तर गुन्हाच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. ग्रामसेवकांनी हा भेद प्रथम समजावून द्यावा, मगच उद्योगास हात घालावा.