पंचाहत्तर एकरांचे रान आणि दख्खनचे शिलेदार

आपल्या सीमाभागाचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी दोनच मुक्कामांवर थांबते. एक १९४८ चा सप्टेंबर, दुसरा १९५६ चा नोव्हेंबर. निजामी राजवट गेली आणि पुढे भाषावार प्रांतरचनेत आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलो. या दोन तारखांच्या अलीकडे-पलीकडे येथील माणसे जणू कुठे गेली नाहीत, कुणासाठी मेली नाहीत! पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील एका रानासाठी जे दख्खनी घोडेस्वार लढले, त्यांच्याविषयी तर आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. कुणी म्हणतात, काय ते शौर्य! कुणी म्हणतात, इंग्रजांचे भाडोत्री, त्यांचे काय एवढे? या दोन्ही बोलण्यांत विचाराचा आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी घडले काय ते पाहू. सोम नदीच्या परिसरातील लढाई १ जुलै १९१६ रोजी सुरू झाली. लाँग्वाल गावाजवळच्या चढावर एक रान होते. इंग्रज त्याला हाय वुड म्हणत. क्षेत्र सुमारे पंचाहत्तर एकर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वतनदाराच्या जिरायतीएवढे. परंतु ते उंचावर होते आणि तेथून दूरवरचे खंदक नजरेच्या टप्प्यात येत. म्हणून त्याला मोल. १४ जुलैच्या पहाटे इंग्रजी पायदळाने समोरची जर्मन फळी फोडली. सकाळी काही अधिकारी रानाच्या दिशेने चालत गेले, तर तेथे शत्रूचा मागमूस नव्हता. पायदळाने पुढे जाण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली, कारण वरिष्ठांच्या योजनेत हे काम घोडदळाचे होते आणि घोडदळ अजून पोहोचावयाचे होते.

हे घोडदळ म्हणजे सिकंदराबाद ब्रिगेड. पावसाने निसरड्या झालेल्या, खंदकांनी चिरलेल्या जमिनीतून घोडी काढताना तिचा दिवस गेला. सायंकाळी सातच्या सुमारास विसावी डेक्कन हॉर्स आणि इंग्रजांची सातवी ड्रॅगून गार्ड्स या पलटणी रानाच्या उजव्या अंगाने, उभ्या पिकातून, भाले सरसावून निघाल्या. काही जर्मन भाल्यांना बळी पडले, काही कैद झाले. रात्र स्वारांनी तेथेच काढली आणि उजाडण्यापूर्वी त्यांना मागे बोलावण्यात आले. सकाळी जे रान रिकामे होते, ते पुढे १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे तब्बल दोन महिने, हाती आले नाही. अखेरच्या हल्ल्यात सेनापतीची हरकत डावलून झाडांच्या बुंध्यांत रणगाडे घालण्यात आले आणि ते तेथे अडकले. रान मिळाले. वर माणसे वाया घालवल्याचा ठपका ठेवून त्याच सेनापतीला दूर करण्यात आले. हुकूम देणारे मात्र आपल्या जागी राहिले.

आता शौर्याचे पोवाडे गाणाऱ्यांना विचारावेसे वाटते, यात नेमके काय गावयाचे? मशीनगनांच्या तोंडी शेकडो स्वार गारद झाले, हे वर्णन पुष्कळदा केले जाते. ते खरे नाही. त्या सायंकाळी ब्रिगेडचे मृत मोजकेच होते आणि जखमी शंभराच्या आत. घोडी मात्र शंभरावर गेली. खरी शोकांतिका त्या दौडीत नाही, त्या दिवसभराच्या वाट पाहण्यात आहे. स्वारांनी सांगितलेले काम चोख केले. ज्यांनी काम सांगितले, त्यांचा दिवस वाया गेला होता. शौर्याचे गोडवे गायले की हा हिशेब विचारण्याचे कारण उरत नाही. म्हणूनच राज्यकर्त्यांना पोवाडे आवडतात.

आता 'भाडोत्री' म्हणणाऱ्यांकडे वळू. भाडे कोणी दिले? डेक्कन हॉर्स ही मूळची हैदराबाद कंटिंजंटमधील पलटण. ही फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्गाकडचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे गेले. आपल्या शेजारच्या नळदुर्गावर मेडोज टेलर हा इंग्रजांचा अंमलदार म्हणून बसला तो यामुळेच. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत आले, वऱ्हाड १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाखांच्या कायम पट्ट्याने गेले ते गेलेच. महायुद्धात याच पलटणीचा खर्च निजाम मीर उस्मान अली खान यांनी उचलला. तो पैसा त्यांच्या खाजगी विहिरीतून उपसलेला नव्हता. तो येथल्या रयतेचा शेतसारा होता. १९१८ मध्ये निजामांना मोठा किताब मिळाला. ज्या कुणब्याच्या ज्वारीतून तो खर्च निघाला, त्याला काय मिळाले?

शिवाय हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे घेऊन चाकरीस येणारा, हे मराठी वाचकास सांगावयास नको. घोडे हे त्या घराचे भांडवल असे. महायुद्धाच्या ताणात ही पद्धत मोडली आणि १९२१ च्या सुमारास कायमची संपली. ज्याच्या घराण्याने घोडे लावले आणि ज्याच्या गावाने सारा भरला, त्याला भाडोत्री म्हणून मोकळे होणे हा न्याय नव्हे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. याच कंटिंजंटची तुकडी १८५८ मध्ये ह्यू रोजबरोबर झाशीच्या राणीविरुद्ध लढली. हे सत्य लपवू नये. परंतु पलटणीच्या पापाचा आणि तिच्या पुण्याचाही वारसा एकत्रच घ्यावा लागतो. हीच डेक्कन हॉर्स स्वतंत्र भारताच्या सैन्यात राहिली आणि १९६५ मध्ये असल उत्तरच्या रणात पाकिस्तानी रणगाड्यांना सामोरी गेली. देशाने जिला आपली म्हटले, तिच्या १९१६ च्या शिपायांना आपण परके का मानावे? त्यांत दख्खनी मुसलमान होते, शीख आणि जाट होते, म्हणून ते आपल्या मराठी इतिहासात बसत नाहीत काय? तसे असेल तर तो इतिहास नव्हे, जातवार यादी होय.

उभी हयात सरकारी दप्तरात घालविल्यामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क नाही. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या भारतीय स्मारकावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा साडेचार हजारांहून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. युद्धस्मारकांच्या आयोगाच्या नोंदींत पुष्कळ नावांपुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हाही आहे. परक्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले. बीदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड या जुन्या निजामी जिल्ह्यांची गावे त्या यादीतून वेचून काढणे, त्या गावांत जाऊन घराण्यांचा माग घेणे आणि जे हाती येईल ते मराठीत छापणे, एवढे काम आपल्यासारख्या साहित्य संस्थांनी अंगावर घ्यावे. व्याख्याने कमी झाली तरी चालतील. पोवाडा नको, तिरस्कारही नको. नाव, गाव, बापाचे नाव आणि तो कोणाच्या हुकमाने कोठे मेला, इतके खरे लिहिले तरी पुरे आहे.