खाटेशेजारचे संशोधन: आक्षेप आणि उत्तर

नर्सिंगमधल्या संशोधनाचा विषय निघाला की आपल्याकडे चार आक्षेप हमखास येतात. पहिला, परिचारिकेला माया हवी, कष्टाळू हात हवेत. संशोधन हे डॉक्टरांचे काम. दुसरा, या संशोधनातून जे निघते ते सगळ्यांना आधीच ठाऊक असते. तिसरा, हे श्रीमंत देशांना परवडते, आपण आधी रिकाम्या जागा भराव्यात. चौथा, आपल्या नर्सिंग कॉलेजांतले प्रबंध चाळले तर त्यांत संशोधन म्हणावे असे असते तरी काय? हे आक्षेप घेणारे कोणी रुग्णांच्या वाईटावर टपलेले नाहीत. त्यांत नावाजलेले डॉक्टर आहेत, रुग्णालयांचे प्रशासक आहेत आणि खुद्द परिचारिकाही आहेत. म्हणूनच एकेक आक्षेप तपासून त्याला उत्तर द्यायला हवे.

पहिल्या आक्षेपाला फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या चरित्रातच उत्तर आहे. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी नाइटिंगेल आपण शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो. क्रिमियन युद्धाहून परतल्यावर तिने काय केले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. तिने मृत्यूंचे आकडे महिन्यावार मांडले आणि जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी अधिक सैनिक दगावले हे १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवले. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला पहिली महिला सदस्य म्हणून निवडून घेतले. पुढे तिने हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकीत किती माणसे झोपतात, हे विचारले. इथल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर दर हजारी ६९ इतका होता आणि त्यातले बरेच मृत्यू घाणीचे बळी होते, हे तिने सरकारपुढे ठेवले. मायेचा दाखला म्हणून जिचे नाव घेतले जाते, तिने सेवा आणि मोजदाद यांची कधी फारकत केलीच नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक पसरलेला आहे आणि अधिक घातकही. ‘यात नवीन काय?’ असे म्हणणाऱ्यांनी वॉर्डातले एक रोजचे काम जवळून पाहावे. ज्या रुग्णाला गिळता येत नाही त्याच्या नाकातून जठरापर्यंत रायल्स ट्यूब घालतात. ट्यूब जागेवर पोचली का, हे पाहण्याची पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली रीत अशी: सिरिंजमध्ये हवा ओढायची, पोटाच्या वरच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवायचा, हवा झटक्यात आत सोडायची आणि गुडगुड ऐकू आली की फीड सुरू करायचे. रीत सोपी, बिनखर्ची आणि दिसायला शास्त्रशुद्ध.

पण ती भरवशाची नाही. अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक नॉर्मा मेथेनी यांनी या आवाजाचीच परीक्षा घेतली. नळी फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत अडकलेली असली तरी हवेचा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो आणि अनुभवी कानही फसतो, हे १९९० च्या त्यांच्या अभ्यासात दिसून आले. कान फसला तर फीड थेट फुप्फुसात जाते. २००५ मध्ये ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने ही हवेची चाचणी वापरू नये असे बजावले. त्याऐवजी नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता कागदी पट्टीवर तपासावी, पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आल्यासच फीड द्यावे आणि शंका राहिल्यास एक्स-रे काढावा, असा दंडक आला. चुकीच्या जागी गेलेल्या नळीतून फीड देणे ही इंग्लंडमध्ये ‘कधीच घडू नये’ अशा घटनांत गणली जाते. ‘सगळ्यांना ठाऊक’ असलेली गोष्ट इथे साफ चुकीची होती. ती चुकीची ठरवण्यासाठी नळी घालणाऱ्या व्यवसायातल्याच कुणाला तरी प्रश्न पडावा लागला.

बेडसोअरचेही तसेच. पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावणे हे आपल्या वॉर्डांत वर्षानुवर्षे चालत आलेले काम. ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि भर दिला तो दाब काढण्यावर, म्हणजे वेळच्या वेळी कूस बदलण्यावर. लाल झालेली कातडी जोरात चोळू नये, असे आजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या परिचर्या-संशोधकांनी सहा निकषांची मोजपट्टी दिली: संवेदना, ओलावा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण. गुण ६ ते २३. १८ किंवा कमी आले तर धोका. जखम होण्याआधीच कोणता रुग्ण जपायचा, हे खाटेपाशी उभे राहून काही मिनिटांत ठरवता येऊ लागले.

याच संदर्भात मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे उदाहरण आठवावे. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला आणि १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. इतकी वर्षे खाटेवर असूनही त्यांना एकही बेडसोअर झाला नाही, याची दखल २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घेतली. सहकारी परिचारिकांची माया त्यामागे होतीच. पण नुसत्या मायेने कातडी शाबूत राहत नाही. ठरल्या वेळी कूस बदलावी लागते, चादरीची सुरकुती काढावी लागते, ओले कपडे तत्काळ बदलावे लागतात, टाचा आणि माकडहाड रोज न्याहाळावे लागतात, पोटात प्रथिने जातात का हे पाहावे लागते. हे ज्ञान आहे. एका वॉर्डातल्या सिस्टरच्या हातात जमलेली ही विद्या शेजारच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयापर्यंत पोचवायची तर ती नोंदवावी, मोजावी आणि पडताळावी लागते. संशोधन म्हणतात ते यालाच.

आता परिचारिकांच्या संख्येचा प्रश्न. ‘सिस्टर जास्त असल्या की काळजी चांगली, हे सांगायला अभ्यास कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी हेही सांगावे, की जास्त म्हणजे किती आणि कमी पडल्या तर नेमके काय होते? अमेरिकन परिचर्या-संशोधक लिंडा एकेन यांच्या चमूने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांमधील १०,१८४ परिचारिका आणि २,३२,३४२ शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे दिसले. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतील ३०० रुग्णालयांच्या अभ्यासातही तोच ७ टक्क्यांचा आकडा आला. कारण गूढ नाही. ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा श्वास जलद होतो, लघवी कमी होते, तो असंबद्ध बोलू लागतो. ही चिन्हे वेळेत टिपली तर डॉक्टरांना धावून येता येते. सिस्टर दुसऱ्या टोकाला सलाईन बदलत असेल तर ती टिपली जात नाहीत.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. परिचारिका जास्त असलेली रुग्णालये मुळातच श्रीमंत आणि सुसज्ज असतील. हा आक्षेप खरा की खोटा हे पाहण्याची संधी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने दिली. तिथे २०१६ मध्ये कायद्याने प्रमाण ठरवले: दिवसाच्या पाळ्यांत एका परिचारिकेमागे सरासरी चार रुग्ण, रात्री सात. कायदा लागू झालेली २७ रुग्णालये आणि न झालेली २८ अशी आधीची-नंतरची तुलना २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. परिचारिकेमागे एक रुग्ण कमी झाला तिथे मृत्यूची आणि पुन्हा भरती होण्याची शक्यता प्रत्येकी ७ टक्क्यांनी घटली. वाढीव परिचारिकांवर सुमारे ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. वाचलेल्या खाट-दिवसांतून आणि टळलेल्या फेरभरतीतून सुमारे ६.९ कोटी वाचले. खर्चाचा बाऊ करणाऱ्यांना याहून स्वच्छ उत्तर मिळणे कठीण.

‘आधी जागा भरा, मग संशोधन करा’ हा तिसरा आक्षेप इथेच कोलमडतो. केंद्र सरकारच्या कर्मचारी तपासणी पथकाच्या निकषांनुसार सामान्य वॉर्डात सहा खाटांमागे एक परिचारिका असावी, अतिदक्षता विभागात एकास एक. प्रत्यक्षात रात्रपाळीत एका सिस्टरकडे तीस-चाळीस रुग्ण, वर जमिनीवर अंथरलेल्या गाद्या, ही सरकारी रुग्णालयांतली परिचित तक्रार आहे. परिचारिका संघटना त्यासाठी मोर्चे काढतात, काळ्या फिती लावतात, निवेदने देतात. मंत्रालयात ही मागणी नोकरभरतीचा प्रश्न म्हणून पोचते आणि वित्त विभागाच्या टेबलावर अडून बसते. रिकाम्या जागेमुळे किती बेडसोअर झाले, किती औषधे चुकली, किती रुग्ण उशिरा आयसीयूत गेले, हे आकडे फायलीला जोडलेले असते तर ती मागणी रुग्णाच्या जिवाची म्हणून वाचावी लागली असती. संशोधनाविना भरतीची बाजूही लंगडी पडते.

दीर्घकालीन आजारांत तर याची निकड आणखी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ अभ्यासाने २०२३ मध्ये देशातल्या मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचे सांगितले. या माणसांची खरी परीक्षा डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर घरी सुरू होते: इन्सुलिन कुठे टोचायचे, पाय कसे तपासायचे, सूज आली तर कोणती गोळी, कुणाला फोन? अमेरिकन परिचर्या-संशोधक मेरी नेलर यांनी १९९९ मध्ये ३६३ वृद्ध रुग्णांवरचा नियंत्रित प्रयोग प्रसिद्ध केला. प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयात भेटल्या, घरी गेल्या, फोनवर राहिल्या. चोवीस आठवड्यांत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण नेहमीच्या काळजीत ३७.१ टक्के होते, या गटात २०.३. भारत-पाकिस्तानातल्या दहा केंद्रांवर ‘कार्स’ नावाचा प्रयोग झाला. त्यात डॉक्टर नसलेल्या समन्वयकांनी मधुमेहींचा पाठपुरावा केला, डॉक्टरांना संगणकावर उपचारांचे स्मरण मिळाले. उपचारांची उद्दिष्टे गाठणारे १८.२ टक्के निघाले, नेहमीच्या पद्धतीत ८.१. म्हणजे हे फक्त अमेरिकेत जमते असेही नाही. केरळात परिचारिका घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह सेवा देतात, तीही आपल्याच देशात.

उरला चौथा आक्षेप. तो बराचसा खरा आहे आणि मान्य करायलाच हवा. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांत एक साचा रुळला आहे: साठ जणांचा नमुना, आधी प्रश्नावली, मग एक नियोजित व्याख्यान, नंतर तीच प्रश्नावली आणि ‘ज्ञान वाढले’ हा निष्कर्ष. व्याख्यानानंतर लगेच प्रश्न विचारले तर ज्ञान वाढलेलेच दिसणार. रुग्णाचे त्यातून काय भले झाले, हे कुणी विचारत नाही आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो.

पण दोष विद्यार्थिनीच्या बुद्धीवर ढकलणे अन्यायाचे आहे. तिला मुदतीत, एकटीने, पदरच्या पैशांनी काम उरकायचे असते. शिकवणारे वॉर्डापासून दूर आणि वॉर्डातली इन्चार्ज सिस्टर संशोधनाच्या परिघाबाहेर. पाठीशी उभी राहणारी संस्थाही नाही. अमेरिकेत परिचर्या-संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र १९८६ मध्ये उभे राहिले ते संसदेने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून काढल्यावर. १९९३ मध्ये त्याला संस्थेचा दर्जा मिळाला. आपल्याकडे आयसीएमआरच्या संस्थांत परिचर्येची स्वतंत्र संस्था आजही नाही. पैसा नाही, वेळ नाही, मार्गदर्शक नाही, अशा स्थितीत साचाच हाती लागणार.

साचा मोडण्याचा मार्ग हाताशी आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरातली नर्सिंग महाविद्यालये जोडलेली आहेत. वीस विद्यार्थिनींनी वीस वेगळे विषय घेण्याऐवजी वीस महाविद्यालयांनी एकच प्रश्न घ्यावा, एकाच मोजपट्टीने मोजावा आणि आकडे एकत्र करावेत. साठांचा नमुना बाराशेचा होईल आणि निष्कर्षाला वजन येईल. प्रश्न वॉर्डातून यावा: स्पिरिट चोळणे थांबवून दर दोन तासांनी कूस बदलली तर बेडसोअर किती घटतात? पाळी बदलताना ओव्हर देण्यासाठी लेखी तक्ता वापरला तर औषधाच्या चुका कमी होतात का? मार्गदर्शकांत इन्चार्ज सिस्टरचे नाव असावे आणि या कामासाठी तिच्या ड्युटीतले तास राखून ठेवावेत.

शोधाबरोबर अधिकारही हवा. मिशिगनमधल्या आयसीयूंत मध्यवर्ती शिरेतल्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग जास्तीत जास्त ६६ टक्क्यांनी घटला, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हात धुणे, त्वचा क्लोरहेक्झिडीनने पुसणे, पूर्ण आच्छादन घेणे अशा पाच साध्या पायऱ्या होत्या. एखादी पायरी गाळली गेली तर परिचारिकेने डॉक्टरांना थांबवायचे, असे तिथे ठरवून दिले होते. तो शब्द चालला म्हणून यादी चालली. आपल्याकडे किती सिस्टर सर्जनला ‘सर, थांबा’ म्हणू शकतात?

राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्या चौकटीत संशोधनासाठी स्वतंत्र निधी असावा. सोबत प्रत्येक शिक्षण-रुग्णालयाने दर महिन्याला वॉर्डवार चार गोष्टी नोंदवाव्यात: भरतीनंतर झालेले बेडसोअर, खाटेवरून पडणे, औषधाची चूक आणि नळीमुळे झालेला संसर्ग, शेजारी त्या पाळीत किती परिचारिका होत्या तो आकडा. चूक कळवणाऱ्या सिस्टरला मेमो देऊ नये, नाहीतर रजिस्टर कोरे राहील आणि चुका तशाच घडत राहतील. ही नोंद ठेवायला यंत्रसामग्री लागत नाही. एक तक्ता, तो भरणारी सिस्टर आणि तो वाचून निर्णय घेणारे अधीक्षक लागतात. पुढच्या अर्थसंकल्पात परिचारिकांच्या पदांची मागणी जाईल तेव्हा तिच्यासोबत हा तक्ता जोडलेला असावा.