गडावर नेण्याचे ताट

शाळेची सहल गडावर निघाली की सूचनापत्रात एक ओळ हमखास असते : ताट-वाटी हलकी आणावी. हलकी म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगत नाही. मग कोणी ॲल्युमिनियमची थाळी शोधतो, कोणी टायटॅनियमच्या महागड्या चमच्यासाठी वडिलांकडे हट्ट धरतो. माझ्या मते या प्रश्नाचा निकाल दुकानदाराने लावण्याचे कारण नाही. घनतेचा धडा शिकलेला कोणताही विद्यार्थी तो लावू शकेल.

स्टीलची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.९ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७. तेव्हा स्टीलचे ताट तिप्पट जड, असे तुम्ही म्हणाल. पण स्टील अधिक मजबूत असल्याने त्याचा पत्रा पातळ चालतो. २० सेंमी व्यासाची सपाट थाळी घ्या. तिचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंमी. स्टीलचा पत्रा अर्धा मिमी जाड धरला तर वजन भरते १२४ ग्रॅम. ॲल्युमिनियमचा एक मिमी धरला तर ८५. फरक अवघा ४० ग्रॅमचा!

हे ४० ग्रॅम ८०० मीटर उंच चढवायला किती ऊर्जा लागेल? वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा : ०.०४ × ९.८ × ८००, म्हणजे सुमारे ३१४ ज्यूल. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात, म्हणून १,२५० ज्यूल धरू. एक ग्रॅम साखरेतून सुमारे १६,००० ज्यूल मिळतात. वाटेतली आडवी चाल, चढउतार धरून हिशेब तिप्पट केला, तरी पाव ग्रॅम साखरेत काम भागते. तेवढी साखर चहा ढवळताना चमच्याला चिकटून राहते.

उलट ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता स्टीलच्या सुमारे पंधरापट. त्याच्या पेल्यातला गरम चहा ओठांना चांगलाच जाणवतो. आमसुलाच्या आमटीतील आम्लही त्या धातूला मानवत नाही. टायटॅनियम (घनता ४.५) गुणी खरे, पण दोन दिवसांच्या सहलीसाठी एवढा खर्च मला पटत नाही. घरातलीच पातळ थाळी, एक वाटी, एक पेला आणि चमचा पुरे. आमटीच्या वाटीतच ताकही घेता येते. पाणी मात्र ओझे वाचवण्यासाठी कधीही कमी करू नका.

आता शिक्षकांसाठी थोडे. चाळीस मुलांसाठी थर्मोकोलच्या ताटल्यांचा गठ्ठा नेणे सोयीचे वाटते. तो उचलायला सर्वांत हलकाही असतो. महाराष्ट्रात अशा ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तरी गडांवरच्या टाक्यांजवळ त्या अजून सापडतात. सुमारे ९५ टक्क्यांहून अधिक हवा असलेला हा पदार्थ वाऱ्याने उडतो, तुकडे होऊन पाण्यावर तरंगतो आणि कुजत नाही. रिकामी ताटली परत आणायला वजनाची अडचण नसते, तरी ती वरच राहते. घरची थाळी मात्र कोणी गडावर टाकून येत नाही, कारण ती आईला परत द्यायची असते.

पुढच्या सहलीआधी विज्ञानाच्या तासाला प्रत्येकाने आपली थाळी तराजूवर ठेवावी. नोंदवहीत वजन, व्यास आणि त्यावरून काढलेली पत्र्याची जाडी, असे तीन रकाने पुरतील.