इलेक्ट्रिक बाइकचा स्वस्त विमा: प्रीमियमच्या आधी बॅटरीची ओळ वाचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल बाइकवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिक गाड्यांवर तो आधीपासूनच ५ टक्के होता, तो तसाच राहिला. त्याच दिवसापासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण गाडीच्या विम्यावरचा १८ टक्के कायम आहे. म्हणजे इलेक्ट्रिक बाइकवर ५ टक्के कर आणि तिच्या विम्यावर १८ टक्के!

पेट्रोल बाइक स्वस्त झाल्यामुळे इलेक्ट्रिक घेणाऱ्याला आता प्रत्येक खर्च नीट मोजावा लागणार, विम्याचासुद्धा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, विमा विकत नाही. पण ऑफिसमधले मित्र सतत "सगळ्यात स्वस्त पॉलिसी कुठली रे?" असं विचारतात, म्हणून पॉलिसींच्या अटींच्या लांबलचक पीडीएफ वाचायची सवय लागली आहे. त्या वाचून माझं एक मत झालंय: आपण ज्या आकड्यावर घासाघीस करतो, त्यात वाचतात शे-दोनशे रुपये. हजारो रुपयांचा प्रश्न वेगळ्याच ओळीत असतो.

१५ टक्के सूट म्हणजे नेमके किती?

विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. हा कायद्याने सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडलात तर ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. याचे दर केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे कुठल्याही ॲपवर गेलात तरी आकडा तोच.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात इलेक्ट्रिक दुचाकींचे वर्षाचे दर, जीएसटी सोडून, असे आहेत:

- ३ किलोवॅटपर्यंत: ४५७ रुपये
- ३ ते ७ किलोवॅट: ६०७ रुपये
- ७ ते १६ किलोवॅट: १,१६१ रुपये
- १६ किलोवॅटच्या वर: २,३८३ रुपये

पेट्रोलच्या तुलनेत ही १५ टक्के सूट आहे. ७५ ते १५० सीसी पेट्रोल बाइकला ७१४ रुपये लागतात आणि ३ ते ७ किलोवॅटच्या इलेक्ट्रिकला ६०७. फरक वर्षाला १०७ रुपये. एका पिझ्झाचेही पैसे नाहीत.

गंमत पुढे आहे. १२५ सीसीच्या साध्या पेट्रोल बाइकची ताकद साधारण ८ किलोवॅट असते आणि ती ७१४ रुपये भरते. तेवढ्याच ताकदीची इलेक्ट्रिक बाइक मात्र ७ ते १६ च्या गटात जाते आणि १,१६१ रुपये भरते. सूट मिळूनही ४४७ रुपये जास्तच! पुण्याच्या टॉर्क मोटर्सची क्रॅटोस आर ९ किलोवॅट पीक पॉवर सांगते, तर रिव्होल्ट आरव्ही४००ची मोटर ३ किलोवॅटची आहे. म्हणून किलोवॅटचा आकडा जाहिरातीतून उचलू नका. जाहिरातीत बहुधा पीक पॉवर छापतात. आरसीवर जो आकडा आहे तोच फॉर्ममध्ये भरा.

नवी गाडी घेताना थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यामुळे पहिलं बिल मोठं दिसतं. त्याला घाबरू नका.

खरा खेळ दुसऱ्या भागात

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्याच गाडीचं नुकसान: अपघात, चोरी, आग, पूर. इथे प्रत्येक कंपनी आपापला दर लावते, म्हणून तुलना इथेच करायची. आणि बॅटरीचा प्रश्नही इथेच येतो.

साध्या पॉलिसीत पार्ट बदलताना घसारा कापतात. प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरी या सगळ्यांवर सरळ ५० टक्के, गाडी नवी असली तरी. हा नियम आला तेव्हा बॅटरी म्हणजे पेट्रोल गाडीतला छोटा डबा होता. आता तीच ओळ गाडीतल्या सगळ्यात महाग भागाला लागू होते. आमच्या भाषेत याला लेगसी कोड म्हणतात: लिहिला एका कामासाठी, चालतोय भलत्याच ठिकाणी.

समजा अपघातात बॅटरी पॅक फुटला आणि नवा ७०,००० रुपयांचा आहे. साध्या पॉलिसीत ३५,००० तुमच्या खिशातून जाणार. वर्षाला वाचवलेले १०७ रुपये इथे कुठल्या कुठे जातात.

यावर उपाय म्हणून झिरो डेप नावाचं ॲड-ऑन विकतात. पण काही कंपन्यांच्या झिरो डेपमध्ये टायर आणि बॅटरी वगळलेली असते. म्हणून "झिरो डेप आहे ना?" एवढं विचारून थांबू नका. "झिरो डेपमध्ये ट्रॅक्शन बॅटरी येते का?" असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पाणी आणि आग

जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते आठवत असेल. पार्किंगमध्ये उभी गाडी पुरात बुडाली, तर ओन डॅमेजमध्ये पूर हे कारण येतं. पण तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेली आणि नंतर बॅटरीत शॉर्ट सर्किट झालं, तर कंपनी त्याला इलेक्ट्रिकल बिघाड म्हणू शकते, आणि तो साध्या पॉलिसीत वगळलेला आहे. कंपनीची वॉरंटीही बाहेरून शिरलेल्या पाण्याला सहसा लागू होत नाही. बॅटरी प्रोटेक्ट किंवा अशाच नावाचं ॲड-ऑन या मधल्या जागेसाठी असतं. चार्जर त्यात येतो का, तेही बघा.

आगीबद्दल मात्र एक दिलासा आहे. गाडीने स्वतःहून पेट घेतला तरी ते कारण प्रमाणित पॉलिसीत धरलेलं आहे. अर्थात ओन डॅमेज असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्या जळलेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही.

ॲपवर स्वस्त दिसतं ते कसं?

तुलना करणाऱ्या ॲपवर आयडीव्हीचा स्लायडर असतो. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. तो खाली ओढला की प्रीमियम उतरतो. १,२०,००० चा आयडीव्ही ९०,००० केला तर आज थोडे पैसे वाचतील, पण चोरी झाली तर थेट ३०,००० गेले. दोन पॉलिसींची तुलना करताना आयडीव्ही सारखा ठेवा, नाहीतर ती तुलनाच नाही.

इलेक्ट्रिकमध्ये आणखी एक गणित आहे. चौथ्या वर्षात आयडीव्ही मूळ किमतीच्या ६० टक्क्यांवर येतो. १,४०,००० ची गाडी ८४,००० वर. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे, म्हणजे इथे ६३,००० च्या पुढे गेला, की गाडी टोटल लॉस धरतात. म्हणजे बॅटरीला झिरो डेप असलं तरी ७०,००० च्या एका पॅकमुळे बाकी धडधाकट गाडी कागदावर भंगार होते.

मग पैसे वाचवायचे कुठे?

- मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर सक्तीचं आहे. पण मृत्यू आणि अपंगत्व धरून तेवढं कव्हर तुमच्याकडे आधीच असेल, तर दुसरं घ्यायची गरज नाही.
- डीलर सांगेल तीच पॉलिसी घ्यायचं बंधन नाही. त्याचा कोट घ्या आणि बाहेर तुलना करा.
- गाडी कमी चालते? इर्डाने जुलै २०२२ मध्ये चालवाल तेवढं भरा या पद्धतीच्या ॲड-ऑनना परवानगी दिली. कॉलेज ते घर एवढंच रनिंग असेल तर चौकशी करा.
- नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत जातो. आरसा तुटला म्हणून क्लेम टाकण्याआधी हिशोब करा.

एक ठिकाण मात्र बचतीचं नाही. फूड डिलिव्हरीसाठी बाइक वापरत असाल तर ते कंपनीला सांगा. खासगी वापराच्या पॉलिसीत भाड्याने चालवणं आणि मालाची ने-आण वगळलेली असते. वर्षभर हप्ता भरूनही नेमक्या गरजेच्या दिवशी क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि अनेकांसाठी ती बाइक म्हणजेच रोजची कमाई असते.

क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर. तिथेही दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल आहे. मुंबई आणि पुण्यात त्याची कार्यालयं आहेत आणि फी लागत नाही.

माझ्या मते थर्ड पार्टीवरच्या सवलतीपेक्षा घसाऱ्याच्या तक्त्यातली ती बॅटरीची ओळ बदलणं जास्त गरजेचं आहे. इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीला वेगळा, वयानुसार घसारा हवा. ते होईपर्यंत पैसे भरण्याआधी पीडीएफ उघडा आणि त्यात "बॅटरी" हा शब्द सर्च करा. पाच मिनिटांचं काम आहे.