बेढब रेषेच्या बाजूने

महाराष्ट्रातल्या इतर गावांसारखीच रिसोडची मुलंही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसतात. वस्तुचित्रातला माठ दोन्ही बाजूंनी सारखा फुगला पाहिजे, संकल्पचित्रातला रंग रेषेबाहेर सांडता कामा नये, हे त्यांच्या मनावर पक्कं ठसवलेलं असतं. अशा घरातल्या मुलाच्या मोबाईलवर 'वन-पंच मॅन'चं मूळ वेबकॉमिक दिसलं, की वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. नायकाचं डोकं अंड्यासारखं, डोळे म्हणजे दोन ठिपके, हातमोजे जेमतेम ओळखू येणारे. मग ठरलेलं वाक्य येतं : "याच्याहून चांगलं तर आमचं पोट्टं काढते."

या आक्षेपामागे मुलांची काळजी आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की ही कथा गाजली ती दुसऱ्याच्या हातामुळे. इतिहास तसा नाही. 'वन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या तरुणाने २००९ मध्ये ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, स्वतःच काढून इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली. 'आयशील्ड २१'चा कसलेला चित्रकार युसुके मुराता याने ती वाचली, तिच्यावर भाळला आणि आपण होऊन वनकडे गेला. २०१२ मध्ये शुएशा प्रकाशनाच्या संकेतस्थळावर मुराताच्या देखण्या चित्रांची आवृत्ती सुरू झाली, तेव्हा मूळ कॉमिक लाखो वेळा उघडून वाचलं गेलेलं होतं. जपानमधला एक अव्वल चित्रकार ज्या रेषेचा चाहता झाला, ती रेषा त्याच्यामुळे उभी राहिली असं कसं म्हणायचं? शिवाय वनने 'मॉब सायको १००' शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने काढली, आणि तिला २०१७ मध्ये शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला. तिथे आधाराला कोणी मुराता नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : हात बसलेला नाही, म्हणजे चित्रकला नाही. इथे मी ग्रेड परीक्षेचीच साक्ष काढतो. तिच्यात वस्तुचित्राबरोबर स्मरणचित्रही असतं. बाजार, पाणवठा, मैदानावरचा खेळ डोळ्यांसमोर आणून काढायचा. त्यात एका आकृतीच्या सफाईइतकंच महत्त्व कोण कुठे उभा आहे, कोण वळून पाहतो आहे, नजर आधी कुठे जाते, या मांडणीला असतं. वनची सगळी ताकद याच मांडणीत आहे. यंत्रमानव झालेला गेनोस आपली करुण कहाणी सांगू लागतो. मजकुराने चौकटी गच्च भरतात, वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो, आणि नायक सैतामा भडकून म्हणतो, हे सगळं वीस अक्षरांत सांग. हसू फुटतं ते गच्च चौकटी आणि कोरा चेहरा यांच्यातल्या अंतरामुळे. त्या चेहऱ्यावर छाया, सुरकुत्या, चमक भरली तर नजर तिथेच रेंगाळेल आणि विनोदाची वेळ चुकेल. मुराताला हे कळलं होतं. काहीही काढू शकणारा तो माणूस विनोदाच्या जागी सैतामाचा चेहरा पुन्हा तसाच अंड्यासारखा ठेवतो.

हा प्रकार एकट्या वनचाही नाही. १९७०-८०च्या दशकांत जपानमधल्या 'गारो' मासिकाच्या वर्तुळात तेरुहिको युमुरासारखे चित्रकार मुद्दाम वेडंवाकडं काढत होते. आपल्या घराघरांत हिंदीतून पोहोचलेला शिनचॅन, योशितो उसुई यांनी १९९० मध्ये सुरू केलेला, त्याच्या भुवया आणि गाल कुठल्या मापात बसतात?

तिसरा आक्षेप परंपरेचा. तो रिसोड ज्यात येतं त्या आमच्या वाशीम जिल्ह्यात विशेष टोचतो, कारण वाशीम म्हणजे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेचं वत्सगुल्म. याच शाखेच्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून दिलं आणि एका मांडलिकाने सतरावं. ती रेषा ज्यांच्या वारशात आहे त्यांनी असली चित्रं पाहायची का, असं विचारलं जातं. मग सतराव्या लेण्यातलं वेस्संतर जातक नीट पाहावं. दानशूर राजपुत्राकडे त्याची मुलं मागायला आलेला जूजक तिथे हावरा, कुरूप, दात पडलेला रंगवला आहे. ते अर्कचित्रच आहे. एकाच पटावर तीच पात्रं पुन्हापुन्हा येतात आणि गोष्ट पुढे सरकते. गोष्टीला गरज पडली तिथे त्या चित्रकारांनी सौंदर्य बाजूला ठेवलं. यावर कोणी म्हणेल, त्यांना सुंदर काढता येत होतं, वनला येत नाही. खरं आहे. पण वाचकासमोर असतं ते पान, चित्रकाराचं प्रगतिपुस्तक नव्हे.

एक मान्य करायला हवं. कच्ची रेषा आपोआप चांगली ठरत नाही. वनची नक्कल करणारी पुष्कळ चित्रं निव्वळ आळसाने वाकडी असतात. त्यांत चौकटीचा विचार नसतो, की विनोदाची वेळ साधलेली नसते. त्यांची बाजू मला घ्यायची नाही.

आता माझं म्हणणं. महानायकांच्या देखण्या चित्रांत बळाचीच पूजा होते. फुगलेले दंड, उडता झगा, खालून वर पाहणारा कोन, सगळं मिळून आपल्याला सांगतं की या ताकदीपुढे नमा. वनच्या बेढब रेषेने ताकदीवरचं हे तेज पुसून टाकलं. सैतामा एका ठोशात कोणालाही संपवतो, पण दिसतो मात्र सवलतीच्या दिवशी दुकानात पिशवी घेऊन निघालेल्या बेकार तरुणासारखा. त्याचं बळ कौतुक करावं असं दिसतच नाही, म्हणून कौतुकाला उरते फक्त त्याची वागणूक.

समुद्रराजाचा प्रसंग घ्या. शहरावर आलेल्या या राक्षसापुढे मोठमोठे वीर कोसळतात. मग सायकलवाला मुमेन रायडर येतो. त्याच्याकडे शिरस्त्राण, चष्मा आणि हट्ट यांपलीकडे काहीही नाही. आपण जिंकणार नाही हे त्याला ठाऊक असतं, तरी तो भिडतो आणि चिरडला जातो. त्यानंतर सैतामा एका ठोशात सगळं संपवतो. गर्दीतला एक जण हरलेल्या वीरांना नावं ठेवू लागतो. तेव्हा सैतामा मोठ्याने खोटं सांगतो, की राक्षसाला त्यांनीच आधी थकवलं होतं, मी आयत्या वेळी येऊन श्रेय लाटलं. लोक त्याला लबाड ठरवतात आणि तो ते ठरवू देतो. मुमेन रायडरची लाज झाकण्यासाठी आपली लाज उघडी टाकणारा हा माणूस वनने चार-दोन रेषांत काढला आहे, आणि रिसोडच्या मुलाने तो तसाच पाहावा, अशी माझी इच्छा आहे.