पाणी उत्तरेला वाहते

डोक्यावर उलटी कनू घेऊन चालणारी माझी मुलगी मागून मला एखाद्या प्रचंड भुंग्यासारखी दिसत होती. एक तळे संपले की होडी डोक्यावर, सामान पाठीवर, आणि जंगलातून पुढच्या तळ्यापर्यंत पायपीट. तिकडे याला पोर्टेज म्हणतात. हे अंतर मैलात मोजत नाहीत, रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. ‘‘बाबा, फक्त ऐंशी रॉड आहे,’’ असे ती म्हणाली तेव्हा मला ते ऐंशी पावलांसारखे वाटले होते. निघाले तेराशे फुटांच्या वर, तेही दगडधोंड्यांतून, आणि डास मोजलेलेच नाहीत. आमच्या सौभाग्यवती मिनियापोलिसला घरीच थांबल्या होत्या. त्यांचा निर्णय किती शहाणपणाचा होता, हे मला तिथे पटले.

हा प्रदेश म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचे उत्तर टोक, कॅनडाच्या सीमेला लागून. नाव ‘बाउंड्री वॉटर्स’. क्षेत्र सुमारे अकरा लाख एकर आणि त्यात हजाराहून अधिक तळी. हिमयुगातल्या हिमनद्यांनी खडक खरवडून खड्डे केले, त्यांत पाणी साठले. सीमेपलीकडे कॅनडाचे क्वेटिको उद्यान असेच. रस्ते नाहीत, वीज नाही. एका गटात नऊपेक्षा जास्त माणसे चालत नाहीत, डबे-बाटल्या न्यायला बंदी. विमानालाही मज्जाव: १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढून या जंगलावरून चार हजार फुटांखाली उडायला मनाई केली. तरीही दर वर्षी सुमारे दीड लाख लोक येतात आणि तळ्यावर दिवसभरात दुसरी होडी क्वचितच दिसते. ताडोबात एका वाघिणीसाठी लागलेली जिप्सींची रांग ज्यांनी पाहिली असेल त्यांना माझा हेवा कळेल.

रात्री लून ओरडतो. हा काळा-पांढरा, लाल डोळ्यांचा पाणपक्षी मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे. त्याची हाक म्हणजे हसणे आणि रडणे यांची मिसळ. पहिल्या रात्री मी तंबूत उठूनच बसलो. अन्न दळायला हा पक्षी तळातले खडे गिळतो. त्या खड्यांबरोबर गळाला लावायचे शिशाचे वजन पोटात गेले की विषबाधा होऊन मरतो. एखाद्या हौशी मासेमाराचा गळ तुटला, एवढेच निमित्त पुरते.

पण मला सांगायचे आहे ते लांडग्याबद्दल आणि तांब्याबद्दल.

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेने आपले लांडगे जवळजवळ संपवले होते. सरकार मारलेल्या लांडग्यामागे बक्षीस देई. अलास्का सोडला तर ते उरले फक्त याच जंगलात आणि सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर. १९७४ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले आणि मिनेसोटात आज अडीच हजारांच्या वर लांडगे आहेत. इथपर्यंत गोष्ट सुखान्त. पुढे कज्जेदलाली सुरू होते. २०१२ मध्ये या भागातल्या लांडग्यांचे संरक्षण काढले, २०१४ मध्ये न्यायालयाने परत दिले. २०२१ च्या जानेवारीत पुन्हा काढले. फेब्रुवारीत शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने शिकार खुली केली. शिकाऱ्यांचा वाटा ११९ ठरला होता. तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने संरक्षण परत दिले. ज्या शेतकऱ्याचे वासरू लांडग्याने नेले त्याचा संताप मला समजतो. जुन्नरच्या उसातल्या बिबट्याशेजारी राहणाऱ्यांनाही तो समजेल. पण दर दोन-चार वर्षांनी नियम उलटेपालटे झाले तर शेतकरीही नाराज आणि लांडगाही मेला, असे होते.

लांडगा नसला तर काय होते, याचा धडा आइल रॉयलने दिला. तिथे १९५८ पासून लांडगा आणि मूस यांच्या नात्याचा अखंड अभ्यास चालू आहे. मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, खांद्याशी माणसाहून उंच. लांडगे कधी काळी गोठलेल्या सरोवरावरून चालत बेटावर आले होते. १९८०च्या सुमारास कुणाच्या तरी पाळीव कुत्र्याबरोबर पार्व्होचा विषाणू आला आणि ते धडाधड मेले. हिवाळे उबदार झाले, बर्फाचे पूल बनेनासे झाले, नवे रक्त येईना. २०१६ मध्ये दोनच उरले. तिकडे मूस वाढत वाढत २०१९ मध्ये दोन हजारांवर गेले आणि त्यांनी कोवळी फरची झाडे ओरबाडून काढली. शेवटी २०१८-१९ मध्ये माणसांनीच १९ लांडगे आणून सोडले. २०२४ च्या मोजणीत तीस लांडगे होते आणि मूस साडेआठशेच्या आत.

मुख्य भूमीवरच्या मूसचे दुखणे वेगळे. २००६ मध्ये ईशान्य मिनेसोटात ते आठ हजारांच्या वर होते, सात वर्षांत तीन हजारांखाली आले. त्यात लांडग्याचा वाटा आहेच, पण दोष एकट्या त्याचा नाही. हिवाळा सौम्य झाल्याने पांढऱ्या शेपटीची हरणे उत्तरेला सरकली आणि त्यांनी मेंदूत शिरणारा एक जंत आणला. हरणाला तो बाधत नाही. मूस पाल्याबरोबर बारीक गोगलगाय खातो, जंत पोटात जातो आणि एवढे मोठे जनावर गोल गोल फिरून कोसळते.

आता तांबे. या जंगलाच्या उंबऱ्यावर ईली नावाचे गाव आहे. ते लोखंडाच्या खाणींवर वसले आणि तिथली शेवटची खाण १९६७ मध्ये बंद पडली. आम्हाला कनू भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्याचे वडील त्याच खाणीत होते. गावाजवळच्या खडकात तांबे, निकेल आणि कोबाल्ट आहे. एका चिली देशातल्या कंपनीच्या मालकीची ‘ट्विन मेटल्स’ तिथे भूमिगत खाण काढू पाहते. अडचण अशी की धातू गंधकाशी जोडलेला आहे. शंभर भाग खडकात एक भागसुद्धा धातू नाही. उरलेल्या चुऱ्याला हवा-पाणी लागले की आम्ल तयार होऊ शकते. आणि तिथले पाणी दक्षिणेला शहरांकडे जात नाही. ते उत्तरेला, नेमके बाउंड्री वॉटर्समध्ये शिरते आणि पुढे हडसन उपसागराला मिळते. चुरा कोरडा रचून ठेवू, आम्ल होणार नाही, असे कंपनी म्हणते. सुमारे ७०० थेट नोकऱ्यांचे आश्वासनही देते.

या तळ्यांवर ओजिब्वे आदिवासींचा १८५४ च्या करारान्वये शिकारीचा, मासेमारीचा आणि वेचणीचा हक्क आहे. उथळ पाण्यात उगवणारा मनोमिन, म्हणजे जंगली भात, ते होडीतून काठ्यांनी झोडपून गोळा करतात. त्या भाताला सल्फेट सोसत नाही. म्हणून मिनेसोटाने १९७३ मध्येच भाताच्या पाण्यात लिटरला दहा मिलिग्रॅमची मर्यादा घातली. तिच्या अंमलबजावणीवरून आजवर भांडणे चालू आहेत.

खाणीच्या परवान्याचाही लांडग्यासारखाच झोपाळा झाला. ओबामांच्या सरकारने २०१६ मध्ये नूतनीकरण नाकारले, ट्रम्प यांनी २०१९ मध्ये दिले, बायडेन यांनी २०२२ मध्ये रद्द केले. २०२३ मध्ये सव्वादोन लाख एकरांवर वीस वर्षे खाणबंदी आली. २०२५ मध्ये सरकार बदलले आणि ती उठवण्याच्या हालचाली लगेच सुरू झाल्या.

याच्या शेजारी १९७८ चा कायदा ठेवून पाहा. बाउंड्री वॉटर्समध्ये लाकूडतोड आणि खाणी बंद करणारा तो कायदा काँग्रेसने केला. त्या वेळी गाव पेटले होते. आधीच्या वर्षी ईलीत जाहीर सुनावणी झाली, तेव्हा तिथेच राहणाऱ्या सिगर्ड ओल्सन या निसर्गलेखकाचा पुतळा करून लोकांनी फासावर लटकवला होता. शेवटी तडजोड झाली, काही तळ्यांवर मोटरबोटी राहू दिल्या. दोन्ही बाजू कुरकुरल्या, पण कायदा टिकला. सरकारी हुकूम पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतो, हा फरक. मात्र त्या कायद्याने रेघ मारली ती जंगलाभोवती. वरच्या अंगाने येणारे पाणी रेघेबाहेर राहिले, आणि सगळे भांडण तिथेच आहे.

खाण होऊ नये, असे माझे मत. पण ते मी सहजासहजी देत नाही. गोव्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखाणी थांबवल्या तेव्हा डिचोली-सांग्यातले ट्रकवाले कर्जासकट रस्त्यावर आले. पर्यावरणाच्या बाजूने लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी त्यांच्याबद्दल फार थोडे लिहिले. शिवाय ते निकेल लागणार आहे विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांना. माझ्या जावयाची मोटार विजेवरच चालते. आम्ही ईलीला गेलो ते तिच्यातूनच.

परत आलो तेव्हा कनूवाल्याला विचारले, तुमचे मत काय? तो हसला. त्याचा मुलगा खाणीच्या बाजूचा, कारण त्याला कामासाठी ऐंशी-शंभर मैल जावे लागते. मुलगी दुकान सांभाळते, ती विरुद्ध. नोव्हेंबरात सगळे एका टेबलाशी जेवायला बसतात तेव्हा हा विषय काढायचा नाही, असा त्याच्या बायकोचा नियम आहे. एवढे सांगून त्याने आमची कनू नळीने धुतली, बूड वर करून मांडणीवर ठेवली आणि मागच्या उजव्या बाजूला पडलेला नवा ओरखडा मला दाखवला. त्याचे पंधरा डॉलर वेगळे पडले.